कार्बोरेटरवरचं नाव

रावेतमधल्या एका मित्राने जुनी पद्मिनी घेतलीय. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, खिसा रिकामा, हौस मात्र दांडगी. मूळचा एकुलता कार्बोरेटर काढून त्याला डबल सेटअप बसवायचाय. कुठला, म्हटलं की गॅरेजवाल्यापासून सिनिअरपर्यंत सगळे एकच नाव घेतात : वेबर. आता हा वेबर कंपनी होण्याआधी एक माणूस होता, हे आमच्या कट्ट्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

एदोआर्दो वेबर १८८९ मध्ये इटलीतल्या तुरिनला जन्मला. १९१४ मध्ये फियाटमध्ये लागला आणि पुढे बोलोन्यात फियाटच्याच डीलरकडे गेला. (आपली पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. नातं जुळतंय ना?) पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत पेट्रोल भयंकर महाग होतं. वेबरने ट्रक रॉकेलवर चालवण्याचे किट विकायला सुरुवात केली आणि ते बऱ्यापैकी खपले. त्यातूनच १९२३ मध्ये बोलोन्यात त्याचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. आज ज्या नावाने पेट्रोलचं मीटर पळतं, ते नाव मोठं झालं पेट्रोल वाचवण्याच्या धडपडीतून!

त्याची खरी कमाल म्हणजे दोन नळ्यांचा कार्बोरेटर. एक नळी लहान, दुसरी मोठी. सावकाश चालताना लहान नळी पुरते; पाय दाबला की मोठी उघडते. पुढे १९३० च्या दशकात रेसिंगसाठी त्याने दोन्ही नळ्या सारख्या मापाच्या केल्या आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी दिली. मासेराती आणि अल्फा रोमिओच्या रेसिंग गाड्यांनी ते उचललं. एकाच कार्बोरेटरवर चार सिलिंडर पोसायचे तर मिश्रणाला मॅनिफोल्डमधून कमीजास्त अंतर जावं लागतं, वाटणी सारखी होत नाही. पंगतीत एकच वाढपी असला की शेवटच्या पानाचं जे होतं, तेच. वेबरने प्रत्येक पानाला वेगळा वाढपी दिला.

आता मित्राचा घोळ. त्याला ४५ चा जोड हवाय, कारण ४० पेक्षा ४५ मोठा! हा आकडा थ्रॉटलच्या तोंडाचा, मिलिमीटरमध्ये. पण खेळ ठरतो आतल्या व्हेंच्युरीवर, म्हणजे नळीच्या अरुंद गळ्यावर, आणि ती बदलता येते. गळा नको तितका रुंद केला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट ओढलं जात नाही, त्याचे बारीक कण होत नाहीत. अकराशे सीसीच्या आसपासचं इंजिन आणि संध्याकाळचं चाकणचं ट्रॅफिक असेल, तर गाडी सिग्नलला अडखळणारच. माझं मत विचाराल तर ४० चा जोड, आत छोटी व्हेंच्युरी, आणि दोन्ही कार्बोरेटर एकसारखे उघडतात ना, हे बघायला धीराचा मेकॅनिक. त्याआधी बॉनेटखाली जागा मोजा. आडवे कार्बोरेटर बाजूला बरेच बाहेर येतात.

वेबरची गोष्ट मात्र इथे संपत नाही. एप्रिल १९४५ मध्ये बोलोन्या मुक्त झालं. शहरात हिशेब चुकते करण्याचे दिवस सुरू झाले. मुसोलिनीच्या राजवटीत कारखाना चालवलेल्या वेबरवर फॅसिस्टांशी जवळीक असल्याचा ठपका होता. मे महिन्यात तो नाहीसा झाला. वय पंचावन्न. मृतदेह कधीच मिळाला नाही. त्याचा दोष किती होता, हे ठरवायला खटला उभाच राहिला नाही, आणि मला ही गोष्ट त्याच्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त छळते.

कारखाना पुढे फियाटकडे गेला. ज्या फेरारी आणि लोटसच्या इंजिनांवर त्याच्या नावाच्या नळ्यांची रांग बघून आपण वॉलपेपर लावतो, त्यातलं बहुतेक सगळं त्याच्या माघारी घडलं. नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, आपल्याकडे २०२० च्या बीएस-६ नंतर बहुतेक बाइकचेही कार्बोरेटर गेले. बोलोन्यातलं उत्पादन थांबून ते स्पेनला हललं.

मित्राने शेवटी ४० चेच बघायचं ठरवलंय. पैसे जमायला अजून दोन सेमिस्टर लागतील म्हणतो.