दोन प्रजासत्ताकांचा जन्मदाता : कार्ल रेनर

राष्ट्र म्हणजे नेमके काय? भाषा, भूमी, इतिहास की एकत्र राहण्याची इच्छा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विसाव्या शतकातील ऑस्ट्रियाइतका धडपडलेला देश युरोपात विरळाच. या धडपडीचे प्रतिबिंब एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचे असेल, तर कार्ल रेनर यांच्याकडे वळावे लागते. ऑस्ट्रियाच्या पहिल्या प्रजासत्ताकाचे ते पहिले चॅन्सेलर आणि दुसऱ्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष. मात्र, ऑस्ट्रिया हे जर्मनीहून वेगळे राष्ट्र आहे, हे या राष्ट्रपुरुषालाच आयुष्याचा बराच काळ मान्य नव्हते.

रेनर यांचा जन्म १४ डिसेंबर १८७० रोजी मोराविया प्रांतातील उंटर-टानोविट्झ या खेड्यात झाला. तेव्हा हॅब्सबर्ग साम्राज्यात असलेले हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. घर जर्मन भाषक, द्राक्षशेती करणारे आणि मुलाबाळांनी गजबजलेले. कर्जापायी शेती लिलावात गेली आणि कोवळ्या वयातच रेनर यांना दारिद्र्याची ओळख झाली. तरीही त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवली आणि संसदेच्या ग्रंथालयात नोकरी धरली.

हॅब्सबर्ग साम्राज्यात त्या काळी जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, क्रोएशियन, इटालियन अशा दहा-अकरा भाषा नांदत होत्या आणि भांडतही होत्या. सरकारी नोकरास उघडपणे राजकीय लेखन करणे अवघड असल्याने रेनर यांनी टोपणनावांनी या प्रश्नाचा ऊहापोह केला. राष्ट्रीयत्व भूमीशी नव्हे, तर व्यक्तीशी जोडावे, असा त्यांचा विचार होता. माणूस कोठेही राहत असला, तरी ज्याप्रमाणे आपल्या धर्मसमुदायाचा सदस्य असतो, त्याचप्रमाणे त्याने आपल्या भाषक समुदायाचे सदस्य असावे. शाळा आणि सांस्कृतिक व्यवहार या समुदायाने पाहावेत आणि बाकीचा कारभार सामाईक राज्याने करावा, अशी ती योजना. समाजवादी चळवळीत तिची मोठी चर्चा झाली. १९१३ मध्ये स्टॅलिनने तिच्यावर कडाडून टीका केली. १९०७ मध्ये रेनर समाजवादी लोकशाही पक्षातर्फे संसदेत निवडून आले.

तथापि, पहिल्या महायुद्धाने ही चर्चाच निरर्थक ठरवली. १९१८ च्या शरद ऋतूत साम्राज्य कोसळले. पाच कोटींहून अधिक लोकवस्तीच्या राज्यातून चेक, पोलिश, हंगेरियन आपापल्या वाटेने गेले आणि उरला सुमारे ६५ लाख वस्तीचा जर्मन भाषक तुकडा. १२ नोव्हेंबर १९१८ रोजी तेथे प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि सरकारचे नेतृत्व रेनर यांच्याकडे आले. या राज्याचे नाव होते ‘जर्मन-ऑस्ट्रिया’ आणि ते जर्मन प्रजासत्ताकाचाच भाग असल्याचे त्याच्या स्थापनेच्या कायद्यातच नमूद होते. एखाद्या राज्याने जन्मतःच स्वतःच्या विसर्जनाची इच्छा व्यक्त करावी, असे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

विजेत्या राष्ट्रांना अर्थातच जर्मनी मोठा व्हायला नको होता. १० सप्टेंबर १९१९ रोजी सेंट जर्मेनच्या तहावर रेनर यांना स्वाक्षरी करावी लागली. तहाने राष्ट्रसंघाच्या संमतीविना जर्मनीत विलीन होण्यास मनाई केली आणि राज्याच्या नावातील ‘जर्मन’ हा शब्दही गेला. दक्षिण टायरॉल इटलीला मिळाला, तर रेनर यांचे जन्मगाव चेकोस्लोव्हाकियात राहिले. पुढे या देशाने जे राष्ट्रगीत स्वीकारले, ते रेनर यांनीच लिहिलेले होते. त्यात वर्ज्य झालेले ‘जर्मन-ऑस्ट्रिया’ हेच नाव त्यांनी जपले होते.

४ मार्च १९३३ रोजी एका मतदानाच्या वादातून रेनर यांनी संसदेच्या सभापतिपदाचा राजीनामा दिला. सभापती म्हणून मत देता येत नव्हते आणि पक्षाला एकेक मत मोलाचे होते. पाठोपाठ दोन्ही उपसभापतींनीही पद सोडले. संसद आपणहून संपुष्टात आली, असे सांगत चॅन्सेलर एंगेलबर्ट डॉलफुस यांनी हुकूमशाही आणली. १९३४ च्या यादवीनंतर समाजवादी पक्षावर बंदी आली आणि रेनर यांना काही काळ तुरुंगात काढावा लागला.

त्यांच्या चरित्रातील सर्वांत काळे पान मात्र १९३८ चे. १२ मार्च रोजी हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. त्यानंतर १० एप्रिलच्या सार्वमताच्या तोंडावर रेनर यांनी व्हिएन्नातील एका दैनिकाला मुलाखत देऊन आपण विलीनीकरणाच्या बाजूने मत देणार असल्याचे जाहीर केले. नाझींची पद्धत आपल्याला पटत नसल्याचे त्यांनी सुचवले, पण होकार तो होकारच. ज्यू नागरिकांना मतदानापासून वगळलेल्या या सार्वमतात ९९ टक्क्यांहून अधिक मते विलीनीकरणाच्या बाजूने पडल्याचे जाहीर झाले. पुढील सात वर्षांत ऑस्ट्रियातील सुमारे ६५ हजार ज्यूंची हत्या झाली. रेनर त्या काळात ग्लॉगनिट्झ येथील घरी लेखन करीत होते. हा होकार भीतीपोटी होता की जुन्या निष्ठेपोटी, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा ग्लॉगनिट्झपर्यंत पोहोचल्या, तेव्हा ७४ वर्षांचे रेनर स्वतःहून त्यांच्या अधिकाऱ्यांना भेटले. एकेकाळच्या टीकाकाराला, स्टॅलिनला, त्यांनी स्तुतिपर पत्रही लिहिले. २७ एप्रिल रोजी त्यांच्या हंगामी सरकारने स्वातंत्र्याची घोषणा करून १९३८ चे विलीनीकरण रद्दबातल ठरवले. हे विलीनीकरण असहाय जनतेवर लादले गेले, अशी त्या घोषणेची भूमिका होती. तिच्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांत रेनर होते. स्वतःच्या जाहीर होकाराचा हिशेब मात्र त्यांनी कधी दिला नाही.

दोस्त राष्ट्रांनी १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाला हिटलरी आक्रमणाचा पहिला बळी म्हटले होते. त्याच जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाच्या जबाबदारीची आठवणही करून दिली होती. नव्या देशाने पहिला भाग उचलला आणि दुसरा विसरला. याच विस्मृतीच्या आधारे नवी अस्मिता उभी राहिली. डिसेंबर १९४५ मध्ये रेनर अध्यक्षपदी निवडले गेले आणि ३१ डिसेंबर १९५० रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. १९५५ मध्ये परकीय फौजा परत जाऊन देश तटस्थ झाला, ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९५६ च्या एका जनमत पाहणीत ऑस्ट्रियन हे स्वतंत्र राष्ट्र मानणारे आणि न मानणारे जवळपास समसमान निघाले होते. पुढे समृद्धी आणि तटस्थता यांच्या बळावर चित्र पालटले. १९९० च्या दशकापर्यंत बहुसंख्य नागरिक स्वतःला निःसंकोचपणे वेगळे राष्ट्र मानू लागले. नाझी अत्याचारांतील ऑस्ट्रियनांच्या सहभागाची स्पष्ट कबुली चॅन्सेलर फ्रान्झ व्रानिट्स्की यांनी संसदेत दिली, तेव्हा १९९१ साल उजाडले होते.

व्हिएन्नातील संसदेसमोरच्या रस्त्याला आज रेनर यांचे नाव आहे आणि ते असावे की नाही, यावर वादही झाले आहेत. या वादातच त्यांच्या आयुष्याचे मर्म दडलेले आहे. भाषा तीच राहिली, माणसे तीच राहिली, तरी राष्ट्र बदलले. कारण राष्ट्र रक्तातून मिळत नाही, ते एकत्र जगण्यातून घडते. मात्र गैरसोयीचा भूतकाळ पुसून घडवलेल्या राष्ट्राला केव्हा ना केव्हा त्याचा हिशेब चुकता करावाच लागतो. रेनर यांनी न दिलेला हिशेब त्यांच्या देशाला चार दशकांनी द्यावा लागला.