पंडिता रमाबाई : आश्रय देऊन मन राखणारी बाई

पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांस घर दिले, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु आश्रयास आलेल्या बाईस स्वतःची इच्छा राखण्याचा हक्क आहे, ह्या मतासाठी त्यांनी किती सोसले, हे फारसे सांगितले जात नाही. म्हणून त्यांचे चरित्र आज ह्या एका अंगाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ च्या एप्रिलात पश्चिम घाटातील गंगामूळ येथे रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष पत्करिला होता. त्या मातेने तीच विद्या कन्येस दिली. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आई, बाप व वडील बहीण ही एकामागून एक निवर्तली. रमाबाई भावासह पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या आरंभी पतीही वारले, आणि तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मनोरमेस घेऊन महाराष्ट्रात परतली.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज गावी धर्मभगिनींच्या घरी राहिल्या. तेथेच त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या घरी रमाबाई परक्याच्या अन्नावर होत्या. तरीही त्यांनी आपला शाकाहार सोडिला नाही. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्या लोकांस परिचित अशी संस्कृत अक्षरे का नसावीत, असे त्यांनी विचारिले. चेल्टनहॅम येथील विद्यालयात असता त्यांनी तरुण पुरुषांस शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा आपल्या विवेकबुद्धीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती देण्यास त्यांनी नकार दिला. पुष्कळांस हा कृतघ्नपणा वाटला. पण रमाबाईंनी उपकार नाकारिले नव्हते. उपकाराच्या मोबदल्यात मन गहाण टाकण्याचे तेवढे नाकारिले होते. आश्रित होऊन राहणे म्हणजे काय, हे त्या अशा रीतीने स्वतः शिकल्या.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे बॉस्टन शहरी त्यांच्या कार्यासाठी मंडळी स्थापन होऊन दहा वर्षे साह्य करण्याचे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. विधवेच्या वाट्यास त्या काळी जे जिणे येई, त्यात तिच्या इच्छेस जागाच नव्हती. शारदासदनात मात्र जिला आपले सोवळे पाळावयाचे असेल तिने ते पाळावे, जिला आपली पूजाअर्चा करावयाची असेल तिने ती करावी, असा नियम होता. देवरुखच्या गोदूबाई जोशी ह्या तेथल्या अगदी आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी. त्या तेथे शिकल्या, स्वधर्मातच राहिल्या, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. रमाबाईंच्या घरातून बाहेर पडताना प्रत्येकीने रमाबाईंसारखेच व्हावे, अशी तेथे सक्ती नव्हती.

परंतु त्याच वर्षी मोठे वादळ उठले. रमाबाई आपल्या प्रार्थनेस बसत तेव्हा काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. त्यांस येऊ देऊ नये, असा सल्लागार मंडळाचा आग्रह पडला. पालकांनी विश्वासाने मुली स्वाधीन केल्या होत्या, तेव्हा त्या थोर गृहस्थांची काळजीही निराधार नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणास बोलावीत नाही, आणि आलेलीस हाकलणारही नाही. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांसारख्यांनी आपले अंग काढून घेतले. वर्तमानपत्रांतून कठोर टीका झाली. कित्येक मुलींस पालकांनी घरी नेले. तरी बाई आपल्या मतापासून ढळल्या नाहीत.

पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया वाचवून केडगाव येथे आणिल्या, आणि १८९८ साली मुक्तिसदनाची प्रतिष्ठा झाली. हे घर उघडपणे ख्रिस्ती होते. शारदासदनातील तटस्थता येथे राहिली नाही, आणि एवढ्या जनसमुदायात घंटेचा नियमही कडक असे, हे खरे आहे. तरी एक तत्त्व कायम राहिले : येथे कोणी नुसते बसून खाणारे ओझे नव्हते. शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, असे नाना उद्योग बायकाच चालवीत. खिळे जुळविणे, छापणे, पुस्तके बांधणे हे सर्व त्यांच्याच हातचे. अंध स्त्रियांस मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत, म्हणजे त्यांस दुसऱ्याने वाचून दाखविण्याची वाट पाहावी लागू नये. वृद्ध व दुर्बळ बायकांसाठी प्रीतिसदन नावाचे निराळे घर होते.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या, आणि मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या. त्यांचे मुक्ती मिशन आजही केडगावी चालू आहे.

आता आपल्याकडे पाहा. बेलपाड्यापासून पनवेलपर्यंत जुन्या गावांभोवती शहर वाढले आहे. तरुण माणसे दिवसभर कामावर जातात, आणि वृद्ध आईबाप घरी एकटे राहतात किंवा वृद्धाश्रमात ठेविले जातात. तेथे अन्न, वस्त्र, औषध मिळत असेल. परंतु आजीबाईंस कोणते लुगडे नेसावयाचे आहे, भाकरी हवी की भात, केव्हा उठावयाचे, कोणाशेजारी बसावयाचे, प्रार्थनेस यावयाचे की आज पडून राहावयाचे, हे त्यांस कोणी विचारितो काय? भाजी निवडण्याएवढे बळ ज्या हातांत आहे त्यांतून सूप काढून घेणे ही दया नव्हे. आमच्या उपदेशक बंधूंनी अशा ठिकाणी भेटीस जाताना प्रार्थनेपूर्वी, ती करावी काय, एवढे त्या वृद्धास विचारावे. आणि नको असे उत्तर आले तर रागावू नये, शेजारी बसून त्यांचे बोलणे ऐकावे. ज्या घरात ‘नको’ म्हणता येते, तेथले ‘हो’ खरे असते, हे रमाबाईंनी आपल्या आयुष्याने दाखविले आहे.