साहेबमामा फत्तेलाल

आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला निघते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशा गावांतून ती पुढे जाते. टाळ-मृदंगाचा तो आवाज आपल्या भागातील सर्वांच्या ओळखीचा आहे. याच तुकाराम महाराजांचे जीवन १९३६ साली चित्रपटाच्या पडद्यावर आले. 'संत तुकाराम' हे त्या चित्रपटाचे नाव. त्याचे दिग्दर्शक दोन होते. एक विष्णुपंत दामले आणि दुसरे शेख फत्तेलाल. फत्तेलाल यांना सारे जण प्रेमाने साहेबमामा म्हणत.

साहेबमामांचा जन्म कोल्हापूरजवळील कागल येथे झाला. त्यांना चित्रकलेची ओढ होती. त्या काळी कोल्हापुरात आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे नामवंत कलावंत होते. ते नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांच्या हाताखाली साहेबमामा काम शिकले. तेथेच त्यांची पेणच्या विष्णुपंत दामले यांच्याशी गाठ पडली. दोघांची दोस्ती जमली आणि ती आयुष्यभर टिकली.

पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. चित्रपटाचा कॅमेराही त्यांनी कोल्हापुरातच तयार केला. दामले यांनी त्यांना या कामात मदत केली. या कंपनीत साहेबमामांनी पडेल ते काम केले. देखावे रंगवता रंगवता ते चित्रपटाचे सारे तंत्र शिकले. १९२८ साली 'महारथी कर्ण' या मूकपटाचे दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून केले.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. तिचे भागीदार पाच होते. शांताराम दिग्दर्शन करीत. धायबर कॅमेरा सांभाळीत. बोलपट आल्यावर दामले यांनी आवाज टिपण्याचे तंत्र आत्मसात केले. पैशांची बाजू सीतारामपंत कुलकर्णी पाहत. कलादिग्दर्शनाची जबाबदारी साहेबमामांकडे होती. १९३२ साली या कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. १९३३ साली कंपनी पुण्यास आली.

कलादिग्दर्शक म्हणजे काय करणारा माणूस? नट जेथे उभा राहतो ते घर, ती गल्ली, तो दरबार तो उभा करतो. प्रत्येक देखाव्याचे चित्र तो आधी कागदावर काढतो. मग सुतार आणि रंगारी कामाला लागतात. खांब लाकडाचा असला तरी पडद्यावर तो दगडाचा वाटला पाहिजे. शिवाय त्या वेळचे चित्रपट कृष्णधवल होते. कोणता रंग पडद्यावर किती काळा किंवा किती उजळ दिसेल, याचा अंदाज आधीच घ्यावा लागे. त्यासाठी चित्रकाराची नजर हवी. साहेबमामांकडे ती होती.

'संत तुकाराम' हे अनेक हातांचे काम होते. कथा शिवराम वाशीकरांनी लिहिली. गीते शांताराम आठवले यांची आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. ए. आर. शेख यांनी संकलन केले. म्हणजे वेगवेगळे घेतलेले तुकडे कापून, जोडून त्यांची सलग गोष्ट तयार केली. तुकारामांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले. जिजाईचे काम करणाऱ्या गौरी या मोठ्या नावाच्या नटी नव्हत्या. लहानसहान कामे करता करता त्या पुढे आल्या होत्या. दिग्दर्शकांनी नाव पाहिले नाही, काम पाहिले. चित्रपटात चमत्कार आहेत. पण लक्षात राहते ते तुकारामांचे साधे घर, त्या घरातील गरिबी आणि मुलांच्या भुकेने त्रासलेली जिजाई. हे घर खोटे वाटले असते, तर तुकारामही खरे वाटले नसते.

मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एका हिंदू आणि एका मुसलमान मित्राने मिळून केलेले हे काम सातासमुद्रापार पोहोचले. पुढे १९४० साली या दोघांनी 'संत ज्ञानेश्वर' हा चित्रपटही केला.

१९४५ साली दामले यांचे निधन झाले. साहेबमामांचा जोडीदार गेला. काही वर्षांनी प्रभात कंपनीही बंद पडली. तरी साहेबमामांनी काम सोडले नाही. १९५५ साली त्यांनी 'जगद्गुरू शंकराचार्य' हा चित्रपट दिग्दर्शित केला. १९६४ साली ते निवर्तले. प्रभातच्या जागेवर १९६० साली सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली. आज देशभरातील विद्यार्थी तेथे शिकायला येतात.

आता मोबाईलवरही चित्रण करता येते. शाळेच्या संमेलनासाठी तुम्हीही पाच मिनिटांचा चित्रपट करू शकाल. मात्र कॅमेरा हाती घेण्याआधी गोष्ट कागदावर लिहा. प्रत्येक देखाव्याचे चित्र काढा. कामे वाटून घ्या. एकाने दिग्दर्शन करावे, एकाने कॅमेरा धरावा, एकाने आवाजाकडे लक्ष द्यावे. एकाने वहीत नोंद ठेवावी. आदल्या दिवशी नटाच्या डोक्यावर टोपी होती की नव्हती, हे त्या वहीतूनच कळते. चित्रण शक्यतो सकाळच्या उजेडात करा. पंखा आणि रस्त्याचा गोंगाट टाळा. ज्याला पडद्यावर यायला मिळाले नाही, त्याने नाराज होऊ नये. साहेबमामा कधी पडद्यावर चमकले नाहीत. पण त्यांच्या हातांनी उभे केलेले तुकारामांचे घर लोक अजून विसरलेले नाहीत.