यागी आणि 'उदा.'

मध्यंतरी आमच्या ताईचा एडिसनहून फोन आला. एडिसन म्हणजे न्यू जर्सीतलं. तिथलं केबलचं बिल परवडेना, म्हणून तिला छपरावर अँटेना लावून फुकटात मिळणारे चॅनल बघायचे होते. कुठला घेऊ, तू ई अँड टीसीला आहेस ना, मग सांग! घरात एक होऊ घातलेला इंजिनिअर असला की असंच होतं. मिक्सर बिघडला तरी त्यालाच हाक.

तिने चार फोटो पाठवले. एक पापडासारखा चपटा, दोन अगम्य, आणि चौथा ओळखीचा, माशाच्या काट्यासारखा. आमच्या गावच्या घरावर असाच एक आहे. दूरदर्शनने जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद केली, त्यामुळे आता त्यावर फक्त कावळे बसतात. सिलॅबसमध्ये त्याचं नाव यागी-उदा अँटेना. खरं सांगतो, फर्स्ट इयरला मला वाटायचं, यागी हे काहीतरी यज्ञयागातलं असणार आणि उदा. म्हणजे उदाहरणार्थ!

तर हे यागी म्हणजे हिदेत्सुगु यागी. जन्म १८८६, ओसाका. १९०९ मध्ये टोकियो विद्यापीठातून इंजिनिअर झाले. १९१३ मध्ये जर्मनीला गेले, ड्रेस्डेनला बार्कहाउझेन यांच्याकडे शिकले. पहिलं महायुद्ध पेटल्यावर लंडनला फ्लेमिंग (व्हॅक्यूम डायोडवाले, तेच!) आणि पुढे हार्वर्डला पिअर्स यांच्याकडे. ज्यांची नावं पाठ करताना आपली दमछाक होते त्यांच्या हाताखाली हा माणूस शिकला आणि परत येऊन सेंदाई गावच्या तोहोकू विद्यापीठात शिकवू लागला.

त्या काळी जग लांब तरंगांच्या मागे होतं. यागींचा ओढा आखूड तरंगांकडे. तरंग आखूड म्हणजे अँटेनाही लहान, आणि लहान असला की त्याला एका दिशेने वळवता येतं. याच प्रयोगशाळेत शिंतारो उदा होते, यागींपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी धातूच्या कांड्या मांडून मोजमापं घ्यायला सुरुवात केली. गंमत अशी, की वायर फक्त एकाच कांडीला जोडायची. तिच्यामागे जरा लांब कांडी, पुढे जरा आखूड कांड्या, त्या कशालाच न जोडलेल्या. तरी त्यांच्यात प्रवाह उमटतो, त्या स्वतः तरंग सोडतात, आणि अंतरं बरोबर जमली तर पुढच्या बाजूला सगळं मिळून बेरीज होते आणि मागे वजाबाकी. ही अंतरं जमवणं हेच खरं काम. १९२६ ते १९२९ या काळात उदांनी यावर अकरा निबंध लिहिले, पण जपानीत. मराठी विभागात लिहिणाऱ्याला पुढचं सांगायला नको. बाहेर कोणी वाचले नाहीत.

पेटंट यागींच्या एकट्याच्या नावावर निघालं. १९२८ मध्ये यागींनी अमेरिकेतल्या नियतकालिकात इंग्रजीत निबंध लिहिला आणि जग त्याला यागी अँटेना म्हणू लागलं. त्या निबंधात त्यांनी उदांचं काम नावानिशी सांगितलं होतं, हेही खरं. लोकांनी तेवढं नाव लक्षात ठेवलं नाही.

खुद्द जपानमध्ये तरी कुठे लक्ष होतं? फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा त्यांना एका ब्रिटिश रडार तंत्रज्ञाची वही सापडली. तीत यागी हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा. अर्थ लागेना, म्हणून पकडलेल्या तंत्रज्ञाला विचारलं. त्याने चकित होऊन सांगितलं, की हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव!

यागी पुढे ओसाका विद्यापीठाचे प्रमुख झाले, १९५२ मध्ये स्वतःची अँटेना कंपनी काढली, १९५३ मध्ये जपानच्या संसदेत गेले. उदा मात्र १९५० च्या दशकात आपल्याकडे आले होते! दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्यांनी काही वर्षं काम केलं. १९५९ मध्ये दिल्लीत टीव्ही सुरू झाला, तेव्हा ते परत गेले होते. दोघंही वारले १९७६ मध्येच, यागी जानेवारीत, उदा ऑगस्टमध्ये.

हे वाचून झाल्यावर रात्री मी आमच्या मिनी-प्रोजेक्टचा रिपोर्ट उघडला. पाच कांड्यांचा यागी. कव्हरवर माझं नाव ठळक, पार्टनरचं खाली, बारीक अक्षरात. गच्चीवर दोन दिवस उन्हात उभं राहून सेंटिमीटर-सेंटिमीटरने कांड्या सरकवल्या त्याने. मी सावलीत बसून आकडे लिहिले आणि रिपोर्ट टाइप केला. सकाळी झेरॉक्सवाल्याकडे गेलो, कव्हर बदलून घेतलं. पंचवीस रुपये गेले. त्याला अजून सांगितलेलं नाही, अंक निघाला की कळेलच.

राहिली ताई. तिला सांगितलं, खोक्यावर एचडी, फोर-के, चारशे किलोमीटर असं काही लिहिलेलं असेल तर हसून सोडून दे. अँटेनाला चित्र एचडी आहे का हे कळत नाही, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे शंभरेक किलोमीटरपलीकडचं एरवी मिळत नाही. न्यूयॉर्क तुझ्यापासून चाळीसेक किलोमीटर, बहुतेक केंद्रं एकाच दिशेला, म्हणून यागीच घे. पण कांड्या नीट बघ. यूएचएफच्या ५०० मेगाहर्ट्झला तरंगाची अर्धी लांबी ३० सेंटिमीटर, तेव्हा हातभराहून आखूड कांड्या पुरतात. न्यूयॉर्कचे काही चॅनल मात्र व्हीएचएफवर, २०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहेत. त्यांना पाऊण मीटरच्या कांड्या लागतात, म्हणून दोन्ही मापं असलेला घे.

तिने घेतला, लावला, फोटो पाठवला. चित्र येत नव्हतं. सगळ्यात लांब कांडी न्यूयॉर्ककडे आणि आखूड कांड्या पेनसिल्व्हेनियाकडे! मी फोन पार्टनरच्या हातात दिला.