कार्ल ब्रिगम : आपल्याच मापावर शंका घेणारा परीक्षाकार

पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत आलेल्या आपल्यातील अनेकांना जीआरईमधील 800 हा आकडा अजून आठवत असेल. 2011 पर्यंत त्या परीक्षेचे गुण 200 ते 800 या पट्टीवर दिले जात. ही पट्टी मूळची एसएटीची आणि तिचे जनक होते मानसशास्त्रज्ञ कार्ल कॅम्पबेल ब्रिगम.

त्यांचा जन्म 1890 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्लबरो येथे झाला. शिक्षण आणि पुढील बहुतेक कारकीर्द प्रिन्स्टनमध्ये गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सतरा लाखांहून अधिक जवानांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. निरक्षरांसाठी चित्रांची निराळी चाचणी होती. त्यात जाळी नसलेले टेनिसचे मैदान किंवा कर्णा नसलेला फोनोग्राफ दाखवून उणीव ओळखायला सांगत. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही, त्याने काय ओळखावे?

या चाचण्यांच्या आकडेवारीवर ब्रिगम यांनी 1923 मध्ये ‘अ स्टडी ऑफ अमेरिकन इंटेलिजन्स’ हे पुस्तक लिहिले. अमेरिकेत अधिक वर्षे राहिलेल्या स्थलांतरितांना अधिक गुण मिळतात आणि वीस वर्षे राहिलेले तर येथे जन्मलेल्यांच्या बरोबरीने येतात, असे त्यांना दिसले. भाषा आणि रीतिभाती अंगवळणी पडल्याचा हा परिणाम, हे स्थलांतरिताला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ब्रिगम यांनी मात्र नंतर आलेले लोकच हीन वंशाचे आहेत, असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी दक्षिण व पूर्व युरोपातील स्थलांतरावर कठोर मर्यादा घालणारा आणि आशियाची दारे जवळजवळ बंद करणारा कायदा झाला. त्यावर या पुस्तकाचा प्रभाव किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण त्या काळच्या वंशवादाला त्याने शास्त्राचा मुलामा दिला, हे निश्चित.

सैन्याच्या चाचणीच्या धर्तीवर ब्रिगम यांनी महाविद्यालयीन प्रवेशासाठी परीक्षा रचली. 23 जून 1926 रोजी 8,040 विद्यार्थ्यांनी पहिली एसएटी दिली. 97 मिनिटांत 315 प्रश्न होते.

यानंतर जे घडले ते विद्वानांच्या जगात विरळाच. 1930 मध्ये ब्रिगम यांनी एका शोधनिबंधात आपलेच पुस्तक निराधार ठरविले. चाचणीच्या वेगवेगळ्या भागांचे गुण एकत्र करणेच चुकीचे होते आणि परक्या भाषेत वाढलेल्यांची अशी तुलना करता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. कायदा मात्र जागेवरच राहिला. राष्ट्रवार वाटपाची ती पद्धत 1965 च्या कायद्याने मोडली, आणि आपल्यासारख्यांची वाट खऱ्या अर्थाने तेव्हाच मोकळी झाली.

तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात कार्नेगी प्रतिष्ठानाने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया यांच्या साहाय्याने जीआरई सुरू केली. सर्व परीक्षा एकाच संस्थेकडे सोपवाव्यात, असा हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांचा आग्रह होता. ब्रिगम यांनी त्याला ठाम विरोध केला. परीक्षा विकून चालणारी संस्था त्या परीक्षेतील दोष शोधणार नाही, ही त्यांची भीती होती. ते असेपर्यंत ही योजना पुढे सरकली नाही.

जानेवारी 1943 मध्ये ब्रिगम यांचे निधन झाले. 1 जानेवारी 1948 रोजी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था कार्यरत झाली, तीही प्रिन्स्टनमध्येच. एसएटी आणि जीआरई या दोन्ही परीक्षा तिच्याकडे गेल्या.