शस्त्रसंधीचा शिल्पकार

युद्ध थांबविणे आणि शांतता प्रस्थापित करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिले साधले की दुसरे कालांतराने आपोआप साधेल, हा समज पॅलेस्टाईनच्या भूमीत फार महाग पडला आहे. ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला संहार यांची मुळे शोधताना १९४९ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अरब-इस्रायल युद्ध थांबविणारे मध्यस्थ डॉ. राल्फ बंच यांचे चरित्र म्हणूनच आज उद्बोधक ठरते.

बंच यांचा जन्म अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात, एका कृष्णवर्णीय न्हाव्याच्या घरी झाला. लहानपणीच आई वारल्यावर आजीने त्यांना लॉस एंजेलिसमध्ये वाढविले. झाडलोटीची नोकरी करीत त्यांनी १९२७ मध्ये पदवी मिळविली. १९३४ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट संपादन केली. हॉवर्ड विद्यापीठात ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी अमेरिकेतील वर्णभेदाचा जो विख्यात अभ्यास केला, त्यात बंच यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेवेत आले.

१९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर राष्ट्रसंघाने ११ देशांची समिती नेमली, तेव्हा बंच तिच्या सचिवालयात होते. बहुमताने फाळणीची शिफारस केली. भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी संघराज्याचा पर्याय मांडला. दोन्ही अहवालांच्या मसुद्यांवर बंच यांचाच हात फिरला होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारताने विरोधी मत दिले. मे १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना होताच अरब राष्ट्रांच्या फौजा युद्धात उतरल्या. राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची १७ सप्टेंबर रोजी जेरुसलेममध्ये ज्यू अतिरेक्यांनी हत्या केली. बंच त्यांच्याच मोटारीत असावयाचे. पण पोहोचण्यास उशीर झाल्याने ते बचावले आणि मध्यस्थीची धुरा त्यांच्याकडे आली.

जानेवारी १९४९ मध्ये ऱ्होड्स बेटावरील एका हॉटेलात इजिप्त व इस्रायल यांची बोलणी सुरू झाली. बंच यांची कार्यपद्धती साधी परंतु विलक्षण चिकाटीची होती. आरंभी ते प्रत्येक शिष्टमंडळाला स्वतंत्रपणे भेटत. कार्यक्रमपत्रिकेसारख्या किरकोळ बाबींवर ते प्रथम सह्या घेत. हेतू हा, की सहमतीची सवय जडावी. फालुजा येथे वेढ्यात अडकलेल्या इजिप्शियन तुकडीचा प्रश्न सर्वांत अवघड होता. त्या तुकडीत गमाल अब्देल नासर नावाचा अधिकारी होता, तर इस्रायली शिष्टमंडळात यित्झाक राबिन नावाचा तरुण. अखेर २४ फेब्रुवारीला करार झाला. जुलैपर्यंत लेबनॉन, जॉर्डन व सीरिया यांचेही करार झाले. १९५० चे शांततेचे नोबेल पारितोषिक बंच यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत.

तथापि हे करार सैनिकी होते. त्यांत आखलेल्या रेषा म्हणजे राजकीय सीमा नव्हेत, असा खुलासा इजिप्तबरोबरच्या करारातच होता. अंतिम तडजोड पुढील वाटाघाटींनी व्हावयाची होती. परंतु १९४९ ची लोझान परिषद निष्फळ ठरली. सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी निर्वासित घरांबाहेर राहिले. मुख्य म्हणजे ज्यांच्या भूमीचा प्रश्न होता, त्या पॅलेस्टिनी जनतेला ऱ्होड्सच्या टेबलावर स्वतःची जागाच नव्हती.

याचे फळ बंच यांना हयातीतच पाहावे लागले. १९५६ च्या सुएझ संघर्षानंतर राष्ट्रसंघाची शांतिसेना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. तीत भारतीय जवानही होते. १९६७ मध्ये इजिप्तच्या मागणीवरून ती माघारी गेली आणि जूनच्या युद्धात पश्चिम किनारा व गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले. ९ डिसेंबर १९७१ रोजी बंच निवर्तले.

हे अपयश बंच यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. राजधानी वॉशिंग्टनमध्येच वर्णभेद पाळला जातो म्हणून १९४९ मध्ये परराष्ट्र खात्यातील उच्चपद त्यांनी नाकारले, १९६५ मध्ये प्रकृती खालावलेली असताना ते सेल्माच्या मोर्चात चालले. केवळ दंगल नसणे म्हणजे न्याय नव्हे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी मिळवून दिलेली उसंत वापरणे हे राज्यकर्त्यांचे काम होते. इजिप्तने १९७९ मध्ये व जॉर्डनने १९९४ मध्ये इस्रायलशी शांतता-तह केले, ते टिकले. पॅलेस्टिनींशी परस्पर मान्यतेचा करार मात्र १९९३ मध्येच होऊ शकला. तो करणारे पंतप्रधान राबिन १९९५ मध्ये एका ज्यू अतिरेक्याच्या गोळीला बळी पडले, आणि हमासच्या बाँबस्फोटांनीही त्या कराराचा पाया खिळखिळा केला.

बंदुका थांबविणारा प्रत्येक करार स्वागतार्हच असतो, कारण त्याने माणसे वाचतात. मात्र इस्रायलींची सुरक्षितता आणि पॅलेस्टिनींचे स्वतंत्र राज्य हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर, दोघांच्या समान उपस्थितीत सोडविले जात नाहीत, तोवर अशी प्रत्येक शस्त्रसंधी म्हणजे दोन युद्धांमधील विश्रांतीच ठरणार.