डॉ. वसंत खानोलकर : नोंदीतून संशोधन

बिदर-कलबुर्गीकडच्या आपल्या घरांत तंबाखूची चंची नवी नाही. म्हणूनच डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) आपल्या घरांत ठाऊक असायला हवेत. मराठी घराण्यातले, पण जन्म क्वेट्टाचा. १९२३ साली लंडनला विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते मुंबईत त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी हाती घेतल्या. तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ १,००० रुग्णांच्या नोंदी अभ्यासून १९४४ साली त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते संचालक झाले. तेथे तरुणांना संशोधनाचे वळण लागले. नंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

आम्ही बँकेत आयुष्यभर खाती जुळवली. नोंदीची किंमत आम्हाला कळते. आज बिदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पदवीबरोबरच समोरच्या प्रत्येक रुग्णाची नीट नोंद ठेवायची सवय लावून घ्यावी. इथल्या दुखण्यांचा अभ्यास इथल्यांनीच करायचा आहे. आणि आपण वडीलधाऱ्यांनी तेवढी चंची खाली ठेवावी.